प्रयोगशील संगीत: ऑनलाइन शोधायचं कुठे, ऐकायचं कसं, आपलं मांडायचं कसं

ॲपच्या शिफारशींवर विसंबून प्रयोगशील संगीत सापडत नाही, आणि यात तुमच्या कानांचा काही दोष नाही. "हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं" हेच ती यंत्रणा मुख्यतः मोजते. पन्नास मिनिटांचा एकच तुकडा, जगभरात मिळून ऐकणारे थोडके, ठेका नाही, गाणारं कोणी नाही. अशा संगीताबद्दल तिच्याकडे पुरेसे आकडेच नसतात. मग ती त्यातल्या त्यात जवळचं काहीतरी पकडते. एलियान रादिग या फ्रेंच संगीतकर्तीचा एखादा संथ तुकडा लावून शिफारशी चालू ठेवल्या, की थोड्या वेळाने पावसाचा आवाज नाहीतर "गाढ झोपेसाठी" छापाचं काहीतरी कानावर येऊ लागतं.

या क्षेत्रात वाट दाखवते ती माहिती. कोणी वाजवलं, कशावर, कुठे, कधी, ध्वनिमुद्रण कोणाचं, लेबल (म्हणजे संगीत प्रकाशित करणारी संस्था) कोणतं. शोधणाऱ्याने ती वाचायची आणि मांडणाऱ्याने ती लिहायची. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोनच कामांच्या आहेत.

1. आधी एक दार निवडा

प्रयोगशील म्हणून जे ओळखलं जातं त्यात पाच-सहा वेगवेगळ्या परंपरा आहेत. सगळ्या एकदम ऐकायला घेतल्या तर कान विटतात आणि माणूस "हे आपल्यासाठी नाही" म्हणून मोकळा होतो. पहिला महिनाभर एकच दार धरा.

मराठी श्रोत्याला सर्वांत जवळचं दार ड्रोनचं, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या स्वरांचं. त्याचा धागा खरोखरच आपल्याकडे येतो. किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य पंडित प्राणनाथ 1970 मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला माँट यंग, मॅरियन झझीला आणि टेरी रायली हे अमेरिकी कलाकार तिथे त्यांचे शागीर्द झाले. त्यांच्या पुढच्या कामात तानपुऱ्याचा नाद आणि शुद्ध स्वरांतरं मुरलेली आहेत. जवारी लावताना खर्जातून वरचे स्वर कसे उमलतात हे ज्याने लक्ष देऊन ऐकलंय, त्याला हे संगीत परकं वाटत नाही. त्या वाटेने पुढे रादिगकडे जा. एआरपी 2500 या सिंथेसायझरवर तिने वर्षानुवर्षं काम केलं. तिच्या संगीतात बदल इतके सावकाश होतात की ते घडून गेल्यावरच कळतात.

बाकीची दारं थोडक्यात. टेपचं संगीत: पॅरिसमध्ये पिएर शेफेर यांनी 1948 मध्ये आगगाडीच्या आणि इतर ध्वनिमुद्रित आवाजांपासून रचना केल्या, तिथून. मुक्त इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आधी काही न ठरवता वाजवणं: लंडनमधला एएमएम हा 1965 चा गट, त्यातला कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवायचा. नॉइज, म्हणजे गोंगाटालाच संगीत मानणं: जपानचा मासामी आकिता, म्हणजेच मर्झबो. शांततेचं संगीत: 1992 मध्ये सुरू झालेला वांडेलवायझर गट, ज्यांच्या रचनांत दोन स्वरांमध्ये मिनिटभर काहीच नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. आणि फील्ड रेकॉर्डिंग, म्हणजे एखाद्या जागेचा आवाज जसा आहे तसा.

भारतातून सुरुवात करायची असेल तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे बघा. तिथे 1969 मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केलं. त्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या कलाकाराला त्या 2017 मध्ये सापडल्या आणि 2023 मध्ये त्यांतली निवड प्रकाशित झाली. मुंबईतलं उदाहरण चरणजित सिंग यांचं. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या कलाकाराने 1982 मध्ये टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8 या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर रागांची तबकडी केली. ती फारशी खपली नाही. 2010 मध्ये परदेशी लेबलने ती पुन्हा काढल्यावर जगाचं लक्ष गेलं.

2. ऐकण्याची सोय आधी लावा

नव्या माणसाला "यात काही नाहीच" असं वाटतं तेव्हा पुष्कळदा खरोखरच काही पोचलेलं नसतं. मोबाइलचा स्पीकर साधारण 200 हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच वाजवत नाही. ड्रोनचा अर्धा देह तिथेच असतो. बेतशीर किमतीचा, पण तारेचा आणि कान झाकणारा हेडफोन घ्या.

ब्लूटूथची अडचण वेगळी आहे. काही इयरफोन शांतता आली की वीज वाचवायला आतला ॲम्प्लिफायर बंद करतात, आणि पुढचा हलका आवाज सुरू झाला तरी तो जागा होईपर्यंत सुरुवात कापली जाते. पॉप गाण्यात हे कळतही नाही. वांडेलवायझरच्या रचनेत निम्मं संगीतच जातं.

मग ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद करा: आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी नॉर्मलायझेशनची सोय, इक्वलायझर, आणि एका ट्रॅकवर दुसरा चढवणारा क्रॉसफेड. डेटा वाचवण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करा. 128 केबीपीएसच्या एमपी3 मध्ये सहसा 16 किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं असतं. शिवाय शांततेनंतर टोकदार आवाज आला, तर त्याच्या आधीच एक पुसट खरखर ऐकू येते. साचिको एम या जपानी कलाकाराचं काम अगदी वरच्या पट्टीतल्या शुद्ध लहरींचं आहे. ते अशा फाइलवर ऐकून मत बनवू नये.

आवाजाची पातळी ठरवायची पद्धत: तुकड्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग शोधा, तो सोसवेल एवढी पातळी लावा आणि मग सुरुवातीपासून ऐका. उलट केलं, म्हणजे शांत सुरुवात ऐकू यावी म्हणून आवाज चढवला, की नॉइजच्या तबकडीत चौथ्या मिनिटाला कानांची वाट लागते. मर्झबो हेडफोनवर अर्ध्या तासापेक्षा जास्त एका बैठकीत नको.

3. श्रेयनामावलीचा पाठलाग

हीच मुख्य पायरी. डिस्कॉग्ज ही 2000 साली सुरू झालेली, वापरणाऱ्यांनीच भरलेली तबकड्यांची सूची. तिथे आवडलेल्या ध्वनिमुद्रणाचं पान उघडा. वर लेबल आणि साल असतं, खाली कलाकारांची श्रेयं आणि कंपन्यांची नावं. त्यातून तीनच धागे काढा: एक माणूस, एक लेबल, एक जागा. प्रत्येक धाग्यावर तीन ध्वनिमुद्रणं ऐका. जास्त नको, नाहीतर टॅब उघडे राहतात आणि ऐकणं होत नाही.

प्रत्यक्ष कसं होतं ते बघा. कीथ रोच्या पानावरून सुरुवात केली. 2000 नंतरची त्याची बरीच कामं अर्स्टव्हाइल या एकाच अमेरिकी लेबलवर दिसतात. लेबलचं पान उघडून सालाप्रमाणे लावलं की तोशिमारू नाकामुरा हे नाव पुन्हापुन्हा भेटतं. हा माणूस मिक्सरला बाहेरून काहीच न जोडता, त्याचाच आउटपुट त्याच्याच इनपुटला देऊन वाजवतो. त्याच्या पानावरून तोक्योतली ऑफ साइट ही छोटी जागा कळते. 2000 ते 2005 या काळात तिथे अतिशय हळू आवाजातल्या मैफली होत, कारण शेजाऱ्यांना त्रास होऊ नये ही अटच होती. त्या जागेवरून साचिको एम आणि आणखी अर्धा डझन नावं. एका तासात तुमच्या हाती एक पूर्ण वर्तुळ येतं, आणि ते एकमेकांचं ऐकत वाजवणाऱ्या माणसांचं असतं.

सहवादकांइतकंच लक्ष मास्टरिंग (प्रकाशनाआधीचा शेवटचा ध्वनिसंस्कार) करणाऱ्याच्या आणि ध्वनिमुद्रकाच्या नावाकडे द्या. चांगला मास्टरिंगवाला ठरावीक लेबलांसाठी काम करतो आणि त्याच्या यादीत कचरा कमी असतो.

कलाकार आपलं संगीत थेट विकतात त्या बँडकॅम्प या वेबसाइटवर दुसरी युक्ती चालते. अल्बमच्या पानावर, मुखपृष्ठाखाली विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं असतात. एखाद्या अगदी अनवट अल्बमच्या वीस-पंचवीस ग्राहकांपैकी एकाच्या चित्रावर टिचकी मारली की त्याचा सगळा संग्रह उघडतो. ज्याने तुमच्यासारखाच विचित्र अल्बम पैसे देऊन घेतलाय, त्याच्या संग्रहात तुम्हाला भावेल असं बरंच निघतं. असे चार-पाच संग्राहक फॉलो करा. लोकप्रिय अल्बमचे ग्राहक फॉलो करून काही हाती लागत नाही. विषयाच्या खुणा, म्हणजे टॅग, वापरताना ते रोमन लिपीत टाकावे लागतात. "एक्सपेरिमेंटल" हा टॅग इतका ढोबळ आहे की निरुपयोगी. "इलेक्ट्रोअकूस्टिक", "लोअरकेस", "टेप लूप्स", "फील्ड रेकॉर्डिंग्ज" यांसारखे नेमके शब्द घ्या आणि त्यासोबत शहराचा टॅग लावून बघा.

लेबलांपैकी सुरुवातीला हाताशी असावीत अशी: लंडनचं टच, शेफील्डचं अनदर टिंबर, व्हिएन्नाचं एडिशन्स मेगो, जुन्या फ्रेंच टेप-संगीतासाठी त्याच घरातली रेकलेक्शन जीआरएम ही मालिका, फील्ड रेकॉर्डिंगसाठी जर्मनीचं ग्रुएनरेकॉर्डर. आशिया आणि आफ्रिकेतल्या कलाकारांसाठी सिर्फ (Syrphe) नावाचं लेबल बघा, कारण बाकीच्यांच्या यादीत हे दोन खंड अजूनही तोंडी लावण्यापुरतेच दिसतात.

4. संग्रह आणि रेडिओ

इंटरनेट आर्काइव्ह फुकट आहे आणि अफाट आहे, पण त्याची शोधपेटी नुसत्या शब्दाला हजारो निकाल देते. आधी योग्य संग्रहात शिरा, मग शोधा. नेटलेबल्सचा संग्रह म्हणजे मोफत वाटण्यासाठीच काढलेले अल्बम. सॅन फ्रान्सिस्कोच्या अदर माइंड्स संस्थेचा संग्रह म्हणजे बर्कलीच्या केपीएफए रेडिओच्या जुन्या टेप: मुलाखती, मैफली, संगीतकारांची स्वतःची निवेदनं. नवख्याला मुलाखतीचा जास्त उपयोग होतो.

1996 साली सुरू झालेलं उबुवेब हे अव्हाँ-गार्द ध्वनी आणि चित्रपटांचं जुनं भांडार. 2024 मध्ये त्यात नवी भर थांबली, 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथलं बरंच साहित्य हक्कधारकांना न विचारता ठेवलेलं आहे. ऐकायला जा, पण तिथून उतरवून दुसरीकडे चढवू नका.

रेडिओ ऐकायचा तो यादीसाठी. लंडनच्या एनटीएसच्या जुन्या कार्यक्रमांसोबत बहुधा वाजवलेल्या तुकड्यांची यादी असते, न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयूची यादी तर वाजत असतानाच लिहिली जाते. कार्यक्रम दोन तासांचा असला तरी यादी पाच मिनिटांत वाचून होते. ओळखीचं एक नाव दिसलं की त्याच्या आधीचा आणि नंतरचा तुकडा ऐका. निवेदकाने ते शेजारी ठेवले त्याला काहीतरी कारण असतं.

जागांचे आवाज हवे असतील तर रेडिओ अपोरीचा नकाशा उघडा. जगभरच्या लोकांनी 2006 पासून त्यावर नेमक्या ठिकाणांची ध्वनिमुद्रणं टाचलेली आहेत.

5. सापडलेलं जपा

मायस्पेसवर 2003 ते 2015 या काळात चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना गेलं. 2019 मध्ये हे उघड झालं तेव्हा पाच कोटींहून अधिक गाण्यांचा आकडा समोर आला. त्यात एकाच ठिकाणी ठेवलेलं प्रयोगशील काम किती होतं, ते मोजणारंही कोणी नाही. म्हणून विकत घेतलेल्या अल्बमची फ्लॅक प्रत (दर्जा न गमावता आकार कमी केलेली फाइल) उतरवून घ्या. बँडकॅम्पवर ऐकताना 128 केबीपीएसची एमपी3 वाजते, विकत घेतल्यावर मात्र फ्लॅक मिळते. उतरवलेल्या प्रतीसोबत अल्बमच्या पानावरची माहितीही मजकूर म्हणून साठवा. फाइलमध्ये ती येत नाही.

कोणी दिलेली फ्लॅक खरी आहे का हे बघायला स्पेक हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. फाइल त्यावर ओढली की वर्णपट, म्हणजे कोणत्या पट्टीतले आवाज किती आहेत याचं चित्र, दिसतो. 16 किलोहर्ट्झला सरळ भिंतीसारखी कापलेली कड दिसली तर ती बहुधा मूळ एमपी3 वरून फ्लॅक केलेली आहे. पण जुन्या टेपमध्ये वरचे आवाज मुळातच विरत गेलेले असतात. तिथे कड तुटक नसते, उतरती असते. 1950 च्या दशकातलं ध्वनिमुद्रण त्यामुळे खोटं ठरवू नका.

एक साधी तक्त्याची फाइल ठेवा: कलाकार, काम, साल, लेबल, कुठून कळलं, आणि एक ओळ मत. "कुठून कळलं" हा रकाना सोडू नका. सहा महिन्यांनी कोणता संग्राहक किंवा निवेदक तुम्हाला खरोखर उपयोगी पडला ते त्यावरूनच दिसतं.

6. दुसऱ्यांचं संगीत पुढे देताना

व्हॉट्सॲपवर फाइल टाकू नका. दुवा द्या, शक्यतो कलाकाराच्या किंवा लेबलच्या स्वतःच्या पानाचा. सोबत दोन ओळी लिहा: किती मिनिटांचं आहे, कोणत्या मिनिटाला काय होतं, हेडफोन लागेल का. "भन्नाट आहे, ऐकच" असं लिहिलेला 47 मिनिटांचा दुवा कोणी उघडत नाही. "पहिली सहा मिनिटं फक्त पंख्यासारखा आवाज, मग खाली खर्ज येतो" असं लिहिलेला उघडतात.

मिक्स, म्हणजे तुकडे जोडून एक कार्यक्रम, करायचा असेल तर मिक्सक्लाउड ही वेबसाइट बरी, कारण अशा कार्यक्रमांसाठी त्यांचे परवान्याचे करार आहेत. तिथे पूर्ण यादी भरणं अपेक्षित असतं, एकाच अल्बममधले आणि एकाच कलाकाराचे किती तुकडे घ्यायचे याला मर्यादा आहे, आणि मोफत खात्यात मोजकेच कार्यक्रम ठेवता येतात. शांत आणि गोंगाटी तुकडे शेजारी ठेवताना पातळी जुळवा, पण सपाट करू नका. दोन्हींत थोडाफार फरक राहू द्या.

7. स्वतःचं काम: ध्वनिमुद्रण आणि फाइल

मोबाइलवर फील्ड रेकॉर्डिंग करताना आधीच दिलेलं व्हॉइस रेकॉर्डर वापरू नका. ते बोलण्यासाठी केलेलं असतं. गोंगाट दाबण्याची आणि पातळी आपोआप कमीजास्त करण्याची सोय त्यात चालू असते, त्यामुळे रातकिड्यांचा आवाज भरती-ओहोटीसारखा वरखाली होतो. पातळी हाताने लावता येईल आणि वेव्ह फाइल (आकार न दाबलेली) मिळेल असं ॲप घ्या. सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. वारा असेल तर नुसत्या स्पंजने काही होत नाही, केसाळ आवरण लागतं; ते नसेल तर भिंतीचा आडोसा घ्या. ध्वनिमुद्रणाच्या शेवटी तारीख, वेळ, जागा आणि यंत्र तोंडाने बोलून ठेवा. नंतर ते कापता येतं, आठवता मात्र येत नाही.

24 बिट, 48 किलोहर्ट्झ स्टीरिओ वेव्हला मिनिटाला सुमारे 17 एमबी लागतात, म्हणजे चाळीस मिनिटांना जवळजवळ 700. साध्या वेव्हला 4 जीबीची मर्यादा आहे. या दर्जाला ती चार तासांत गाठली जाते, म्हणून रात्रभर ठेवलेलं यंत्र फाइलचे तुकडे पाडतं. कोणता तुकडा आधीचा हे नावावरून कळेल याची खात्री आधीच करून घ्या.

संपादनाला ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरे. प्रत्येक कापलेल्या जागी 10 ते 20 मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर टक् असा आवाज येतो. होममेड सर्किटवरून घेतलेल्या ध्वनीत पुष्कळदा लहर मध्यरेषेच्या वर किंवा खाली सरकलेली असते. नॉर्मलाइझच्या खिडकीत ती मध्यावर आणण्याची सोय आहे, ती आधी वापरा. गोंगाट कमी करणारा इफेक्ट शक्यतो नको: पाण्याखालून आल्यासारखा जो आवाज त्यातून उरतो तो मूळ खरखरीपेक्षा वाईट. शिखर उणे 1 डेसिबलला ठेवा आणि लिमिटर लावून सगळं फुगवू नका. स्पॉटिफाय तसंही उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा जोर मोजायचं एकक) आसपास सगळ्यांना आणून बसवतं, त्यामुळे फुगवलेला ट्रॅक तिथे नुसता खाली ओढला जातो.

शेवटी फ्लॅक करा. साधारण संगीतात आकार निम्म्याच्या आसपास येतो, शुद्ध लहरींच्या ड्रोनचा त्याहूनही खाली. पण सलग नॉइजचा आकार फारसा घटत नाही. फ्लॅक ही मागच्या लहरीवरून पुढच्या लहरीचा अंदाज बांधून जागा वाचवते, आणि नॉइजमध्ये अंदाज बांधण्यासारखं काही नसतं. त्यामुळे फाइल मोठी आली तर काही बिघडलं असं समजू नका.

8. कुठे चढवायचं

पहिलं काम इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. पैसे लागत नाहीत, आणि एकदा फ्लॅक दिली की एमपी3 प्रत तेच तयार करतात. फाइलची नावं रोमन लिपीतली लहान अक्षरं, मोकळ्या जागा नाहीत, पुढे 01, 02 असे दोन अंकी क्रमांक. पानाचा पत्ता चढवतानाच ठरतो आणि नंतर स्वतःला बदलता येत नाही, म्हणून तिथे घाई करू नका: नाव, काम, साल एवढं असावं. शीर्षक आणि वर्णन देवनागरीत खुशाल लिहा, सोबत रोमन लिपीतही द्या, कारण बहुतेक शोध त्या लिपीतून होतात. वर्णनात तिसऱ्या पायरीत तुम्ही जे शोधत होता तेच सगळं: कोणी, कशावर, कुठे, कधी, कोणी मुद्रित केलं, एकूण वेळ, परवाना. पाच ओळी पुरतात.

दुसरं ठिकाण बँडकॅम्प. तिथे वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅकच घेतात. एका फाइलच्या आकाराची मर्यादा अपलोडच्या पानावर लिहिलेली असते. चाळीस मिनिटांची नॉइज ती ओलांडू शकते, मग 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झला उतरवा, मिनिटाला साधारण 10 एमबीच लागतात. डिजिटल विक्रीत बँडकॅम्पचा वाटा 15 टक्के, वस्तूंच्या विक्रीत 10, पेमेंटचं शुल्क वेगळं. "मोफत" ठेवलेल्या अल्बमला महिन्याला 200 डाउनलोडची मर्यादा असते. ती संपली की लोकांना मोफत उतरवता येत नाही आणि तुम्हाला वाटतं पान बिघडलं. बँडकॅम्प फ्रायडेला, म्हणजे वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी, ते आपला वाटा सोडतात. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाचा असतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा, आणि हिवाळ्यात दीड, ते शनिवारी त्याच वेळेपर्यंत. शुक्रवारी सकाळी खरेदी केली तर कलाकाराला ती सूट लागू होत नाही.

भारतात राहून विकणाऱ्यांची एक खास अडचण आहे. बँडकॅम्पचे पैसे पेपालवर येतात, आणि पेपालने भारतातल्या भारतात होणारे व्यवहार 1 एप्रिल 2021 पासून बंद केले. परदेशी ग्राहकाचे पैसे येतात, पुण्याच्या मित्राचे येत नाहीत. मित्रांकडून थेट यूपीआयने घ्या आणि त्यांना बँडकॅम्पचा डाउनलोड कोड पाठवा. हे कोड तुमच्या खात्यातून काढता येतात.

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी वितरकामार्फत जाता येतं, पण हिशेब आधी बघा. तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं, मग तुकडा दोन मिनिटांचा असो की चाळीस. 2024 पासून एखाद्या ट्रॅकला बारा महिन्यांत किमान 1,000 ऐकणी नसतील तर त्याचे पैसेच निघत नाहीत. या प्रकारच्या संगीताला तिथून मिळकतीची आशा धरू नये. बऱ्याच वितरकांचं वार्षिक शुल्क मात्र भरावं लागतं.

9. हक्क, आणि यूट्यूबचे दावे

विसर्जन मिरवणुकीचं ध्वनिमुद्रण केलंत आणि मागे लाउडस्पीकरवर चित्रपटगीत वाजत असेल, तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखेल आणि दावा येईल. तो चूक म्हणता येत नाही. पण ही यंत्रणा नसलेलंही ओळखते: दहा तासांच्या निव्वळ पांढऱ्या गोंगाटाच्या एका व्हिडिओवर तिने पाच दावे लावल्याची बातमी 2018 मध्ये गाजली होती. दावा चुकीचा असेल तर यूट्यूब स्टुडिओत जाऊन हरकत घ्या. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. आणि स्वतःचं फील्ड रेकॉर्डिंग वितरकाला देताना कंटेंट आयडीचा पर्याय निवडू नका. पावसाचा आवाज तुमच्या नावावर नोंदला, की दुसऱ्याच्या पावसावर तुमचा दावा लागू शकतो.

जुन्या तबकड्यांचे तुकडे वापरताना: भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1960 मध्ये निघालेल्या तबकडीचा हक्क 2020 अखेर संपला. मात्र चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा असतो आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. तबकडी मोकळी, पण गाणं बांधलेलं, असं सर्रास असतं. इतर देशांचे नियम वेगळे आहेत.

फ्रीसाउंड या आवाजांच्या मोफत वेबसाइटवरून आवाज घेतलात तर प्रत्येक फाइलचा क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवाना तेव्हाच तक्त्यात लिहा. सीसी झिरो असेल तर काही बंधन नाही. बीवाय असेल तर नाव द्यावं लागतं. एनसी, म्हणजे बिगरव्यावसायिक, असेल तर विकायच्या अल्बममध्ये तो आवाज चालत नाही. तीस आवाज मिसळून झाल्यावर कोणता एनसी होता हे शोधणं जवळपास अशक्य. स्वतःच्या कामाला परवाना निवडताना लक्षात घ्या, क्रिएटिव्ह कॉमन्स एकदा दिलं की ज्याने त्या अटीवर प्रत घेतली त्याच्याकडून ते परत घेता येत नाही.

लोकांचं खाजगी बोलणं ओळखू येईल असं असेल तर ते कापा. अपोरीच्या नकाशावर टाचणी लावताना स्वतःच्या घराची नेमकी जागा देऊ नका, चौकापर्यंत सरकवा.

10. चढवून झाल्यावर

लॉगआउट करून, दुसऱ्याच्या मोबाइलवर पान उघडा. ट्रॅकचा क्रम बरोबर आहे का, सलग वाजायचे दोन भाग मध्ये तुटतात का, शेवटचा फेड पूर्ण आहे का. एमपी3 मध्ये दोन ट्रॅकच्या सांध्यावर बारीक खंड पडतो, म्हणून सलग काम एकाच ट्रॅकमध्ये ठेवणं बरं.

मग पाच ते दहा जणांना पत्र: ज्यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या याद्या तुम्ही चौथ्या पायरीत वाचल्या तेच निवेदक, आणि तशी एक-दोन लेबलं. फाइल जोडू नका. दुवा, एकूण मिनिटं, कशावर वाजवलं, आणि त्यांच्या कोणत्या कार्यक्रमामुळे त्यांना लिहावंसं वाटलं. निवेदकाला एकच ट्रॅक सुचवा, शक्यतो दहा मिनिटांच्या आतला, कारण दोन तासांत चाळीस मिनिटांना जागा करणं त्यांना जमत नाही. उत्तर आलं नाही तर तेच पत्र पुन्हा पाठवू नका. पुढचं काम तयार झालं की नव्याने लिहा.